फुग्याची पिपाणी आणि फौजदारांची डावी मिशी

बाजारातल्या एका गल्लीत दोन दुकानं एकमेकांना चिकटून उभी होती. एकात चाकांत हवा भरून मिळायची आणि दुसऱ्यात, डोक्यात हवा गेलेल्या माणसांनाही मान खाली घालून बसावं लागायचं. पहिलं पंक्चरचं दुकान, दुसरं सलून. मध्ये भिंत म्हणावी अशी भिंत नव्हती. एक पत्रा होता, आणि त्याला इतकी भोकं होती की ह्या बाजूला कोणी शिंकलं तर त्या बाजूचा माणूस रुमाल शोधायचा.

पंक्चरवाल्याला सगळी गल्ली फुगोबा म्हणायची. खरं नाव बायकोला माहीत असावं, पण तीसुद्धा चिडली की फुगोबाच म्हणायची, आणि ती न चिडलेली कोणी फारशी बघितलेली नव्हती. दिसायला हा गृहस्थ फुग्याच्या अगदी उलट. अंगावर मूठभर मांस नाही, गाल आत ओढलेले, बोटं रबराच्या काळ्या डागांनी कायमची रंगलेली. नाकाखाली तेवढी झुपकेदार मिशी. खाल्लेलं सगळं तिकडेच जातं, असं त्याची बायको म्हणायची.

फुग्यांचा नाद त्याला पन्नाशीत लागला. ह्या वयात माणसांचे गुडघे धरतात, ह्याला फुग्यांनी धरलं. झालं असं की कॉम्प्रेसरची नळी कुठेतरी हवा सोडते असा त्याला संशय आला, म्हणून त्याने तिच्या तोंडाला सहज एक फुगा लावून बघितला. फुगा फुगला. काढताना फुग्याची मान बोटांत ताणली गेली आणि ती 'पीं' करून किंचाळली. फुगोबाला हसू आलं. त्याने मान आणखी ताणली, आवाज वर चढला. सैल सोडली, खाली आला. एवढ्यात पत्र्यापलीकडून सलूनवाला ओरडला, "अरे, तो सूर धर! धरून ठेव, सोडू नको!"

"कसला सूर?" फुगोबाने विचारलं.

"आत्ता गेला तो! परत आण!"

फुगोबाला परत काही आणता आलं नाही, कारण सुराच्या बाबतीत तो साफ दगड होता. त्याला हवा कळायची. ट्यूब पाण्यात न बुडवता, नुसती कानाजवळ नेऊन, भोक कुठे आहे ते तो सांगायचा. पण तो आवाज कोणत्या सुरात येतोय हे विचारलं असतं तर त्याने तुम्हालाच पाण्यात बुडवलं असतं. सलूनवाल्याचं नेमकं उलट. त्याला ट्यूब आणि टायर ह्यांतला फरक सांगता आला नसता, पण कान असा की रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा हॉर्न बेसूर वाजला तरी त्याचा हात अडायचा. तरुणपणी तो गायचा म्हणे. मग लग्न झालं आणि घरात दुसऱ्यांना बोलायला जागा करून द्यावी लागली.

अशी ती जोडी जमली. एकाकडे हवा, दुसऱ्याकडे कान, मध्ये पत्रा.

पहिल्यांदा फुगोबाने बिस्किटांच्या डब्यांवर फुगे ताणून ढोल केले. सलूनवाला पत्र्यातून म्हणाला, "ह्यात जीव नाही." मग त्याने फुगवलेला फुगा झाडूच्या दांड्याला बांधला आणि दुसऱ्या फुग्याची पट्टी कापून त्यावरून तारेसारखी ओढली. ती छेडली की पोटातून गुबगुब आवाज यायचा. सलूनवाल्याला तो आवडला, फुगोबाच्या बायकोला आवडला नाही, कारण घरातला तो तिसरा झाडू होता. "अहो, केर आता काय तोंडाने फुंकून काढू?" असं तिने विचारलं, आणि फुंकण्याचा विषय निघाला तिथूनच फुगोबाला पिपाणीची कल्पना सुचली. बायको चांगलं बोलो की वाईट, उपयोग होतोच.

पिपाणी करायची त्याची रीत अशी. नळाच्या कामातल्या जाड पाइपचा वीतभर तुकडा घ्यायचा. त्याच्या एका तोंडावर फुगा कापून, ताणून बसवायचा आणि वरून सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं चढवायचं. दुसऱ्या तोंडातून एक लांब, बारीक नळी आत सरकवत न्यायची, ती त्या ताणलेल्या रबराला आतून जेमतेम टेकेपर्यंत. मागे राहिलेली फट रबराने गच्च बंद करायची. जाड पाइपच्या कडेला एक भोक पाडून तिथून फुंकायचं. आत गेलेल्या हवेला बाहेरची वाट नसते, म्हणून ती रबराला ढकलते. रबर उचलतं, हवा बारीक नळीतून निसटते, रबर पुन्हा खाली आपटतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, तशातला प्रकार. त्या फडफडीतून आवाज निघतो, आणि बारीक नळीवर तापल्या खिळ्याने भोकं पाडली की बोटांखाली वेगवेगळे सूर येतात. निदान यावेत अशी अपेक्षा असते.

ते यावेत ह्यासाठी सलूनवाला. फुगोबा इकडे पिपाणी फुंकायचा, रबर ओढायचा, आणि सलूनवाला तिकडे गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवून ओरडायचा, "अजून थोडं वर!" गिऱ्हाईक बिचारं हनुवटी वर करायचं. "फार झालं, खाली, खाली!" गिऱ्हाईक मान छातीवर टाकायचं. "आता अजिबात हलवू नको!" मग दोन दुकानांतली दोन माणसं श्वास रोखून बसायची, एक पिपाणी धरून आणि दुसरा मान धरून. ह्या सलूनमध्ये दाढी करून आलेला माणूस मानेच्या दुखण्यातून कायमचा मोकळा होतो, अशी गल्लीत ख्याती होती.

फुगोबाची शेवटची आणि मोठी कामगिरी म्हणजे ती पिशवीवाली पिपाणी. फुंकून फुंकून त्याचे गाल आणखी आत जायला लागले, तेव्हा त्याने विचार केला की आपल्या फुप्फुसांपेक्षा फुगा बरा. दुकानांच्या उद्घाटनाला टांगतात तसला भलामोठा फुगा त्याने वॉल्व्ह लावून पिपाणीला जोडला. फुगा काखेत धरायचा, त्याच्या मानेला लावलेला कपड्यांचा चिमटा काढायचा, दाबायचं, की दोन्ही हात सूर वाजवायला मोकळे. दोष एकच. एकदा चिमटा काढला की पोटातली हवा संपेपर्यंत ती थांबायची नाही. घरी तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवून तो शेवटपर्यंत ऐकला आणि ती म्हणाली, "ह्यापेक्षा खरी सवत आणली असतीत तर ती निदान जेवायला तरी गप्प बसली असती." तेव्हापासून त्या पिपाणीचं नाव सवत पडलं.

सवत सुरात यायला तयार नव्हती. सकाळी लावावी तर दुपारी पत्रा तापायचा, रबर सैल पडायचं, आणि सलूनवाला कपाळाला हात लावायचा. पण दोघांना घाई नव्हती. एक अख्खी चाल सवतीवर न अडखळता वाजवायची, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती, आणि ती पुरी झाली की पुढे काय करायचं ह्याचा दोघांनीही विचार केलेला नव्हता.

आणि मग तो रविवार उजाडला.

सलूनमध्ये फौजदारसाहेब बसले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मिशी अजून नोकरीत होती. दोन्ही टोकं वर वळवलेली, मेण लावलेली. त्यांच्या जरबेच्या गोष्टी निघत, त्यांतलं बरंचसं श्रेय त्या मिशीचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून मिशीच्या कडा कोरून घ्यायला ते आले होते आणि खुर्चीत पाठ टेकताच नेहमीप्रमाणे डोळे मिटून घोरायला लागले होते. इकडे फुगोबा कॉम्प्रेसरवर सवतीचा फुगा भरत होता. भरता भरता त्याचं लक्ष जरा ढळलं, म्हणजे बायको दारातून काहीतरी बोलत होती आणि तो ऐकल्यासारखं करत होता. ह्या कामाला फार लक्ष लागतं. फुगा फुटला.

आवाज असा झाला की समोरच्या चपलांच्या दुकानदाराने हातातली चप्पल टाकून जमिनीवर लोळण घेतली. आणि त्यापाठोपाठ सलूनमधून फौजदारसाहेबांची आरोळी आली. फुगोबा केसांत रबराच्या चिंध्या घेऊन धावला. फौजदारसाहेब आरशासमोर उभे होते. उजवी मिशी दिमाखात वर वळलेली होती. डावी नव्हती. सलूनवाला हातात उघडा वस्तरा घेऊन पांढराफटक पडून उभा होता.

"फुगा!" फौजदारसाहेब म्हणाले. "फुगा! फुगा!"

फुगोबाने त्यांचे पाय धरले, सलूनवाल्याचे हात धरले, दारात जमलेल्या लोकांना हात जोडले. "माझीच चूक, साहेब. दचकला तो. कोणीही दचकेल. त्याचा काही दोष नाही, सगळं माझ्या डोक्यावर." सलूनवाल्याने आपले हात सोडवून घेतले आणि तो पाठ फिरवून वस्तरा पुसायला लागला.

लग्नात फौजदारसाहेब सफाचट तोंडाने उभे राहिले. मिशी गेल्यावर ते हुबेहूब आपल्या थोरल्या बहिणीसारखे दिसतात हे त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना कळलं. स्वतः बहिणीलाही कळलं, आणि ती तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसून राहिली. ह्या सगळ्याचं बिल अर्थातच फुगोबाच्या नावावर फाटलं. गल्लीने बजावलं की ह्यापुढे दुकानात फुगा दिसता कामा नये. फुगोबाने कानाला खडा लावला. लोक येता-जाता विचारायचे, "काय, आज कोणाची मिशी?" चपलांच्या दुकानाबाहेर पोरं फुगा फुटल्याचा आवाज तोंडाने काढून त्याला चिडवायची. हे सगळं त्याने गिळलं. चूक केली होती, ऐकून घेणं भाग होतं.

जे गिळवत नव्हतं ते एवढंच की सलूनवाला बोलेनासा झाला.

शिव्या दिल्या असत्या तर फुगोबाने आनंदाने खाल्ल्या असत्या. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. पण हा माणूस नुसता गप्प. शटर उघडताना समोर आला तर कुलुपाकडे बघायचा. फुगोबाने पत्र्यातून साद घातली तर रेडिओ मोठा करायचा. फुगोबाच्या बायकोने, जी आयुष्यात कोणाची मनधरणी करायला गेली नव्हती, तिने स्वतः चहा नेऊन दिला. कप धुऊन, पुसून, दाराबाहेरच्या पायरीवर ठेवलेला मिळाला. "एवढा राग?" ती म्हणाली. "माझ्या माहेरचे लोकसुद्धा इतका टिकवत नाहीत."

त्यातच सलूनच्या काचेवर पाटी लागली: 'दाढी बंद. फक्त कटिंग.' फुगोबाने ती दोनदा वाचली. आपल्या फुग्याच्या भीतीने लोक ह्याच्याकडे गळा द्यायला तयार नाहीत, आपण मित्राचा अर्धा धंदा बसवला, असं त्याने पक्कं धरलं. सलून दुपारीच बंद व्हायला लागलं. फुगोबा आपल्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसायचा, आणि पलीकडची शांतता त्याला खायला उठायची. इतकी वर्षं तो पत्रा दोघांच्या मध्ये होता, पण आड आला नव्हता. आता आला.

फुगे दुकानात बंद होते, घरात नव्हते. फुगोबाने सवतीला नवा मोठा फुगा लावून ती न्हाणीघरात नेली. त्याला वाटलं, ही एकदा सुरात आली तर तिला घेऊन जाऊ, तिच्यासमोर तरी त्याला गप्प बसवणार नाही. पण कान कुठून आणायचा? त्याने बायकोला बाहेर स्टुलावर बसवलं. ती शिवण घेऊन बसली आणि जे ऐकू येईल त्यावर बोलत राहिली. "हे म्हशीसारखं वाटतं. हे पिठाच्या गिरणीसारखं. हे तुमच्या मावशीसारखं, तिचा दमा वाढतो तेव्हाचं." फुगोबा आतून रबर ओढत होता, सैल सोडत होता, नळी केसभर आत ढकलत होता, केसभर मागे घेत होता. वर नाही, खाली नाही, त्याला काहीच कळत नव्हतं. तो नुसता बायकोचं बोलणं ऐकत होता.

एका संध्याकाळी त्याने पाइपच्या तोंडावर नवा फुगा ताणून बसवला, चिमटा काढला आणि बोटं फिरवली. बाहेर बायको म्हणत होती, "अहो, ते बटण कुठे ठेवलं म्हणून मी तुम्हाला सकाळपासून..."

आणि ती थांबली. वाक्य अर्धं सोडून.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं कधी झालं नव्हतं. फुगोबा घाबरून बाहेर आला, तिला काही झालं की काय म्हणून. ती सुई हातात धरून बसली होती. "तेच परत वाजवा," ती म्हणाली. बस, फुगोबाला कळलं की सवत सुरात आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सलून बंद व्हायच्या बेताला, तो तिला काखेत मारून सलूनच्या दारात उभा राहिला. फुगा टम्म भरलेला, मानेवर चिमटा. सलूनवाला केर काढत होता. त्याने वर पाहिलं आणि झाडू तसाच हातात राहिला.

"आतमध्ये आलो, कारण तू बाहेर येत नाहीस," फुगोबा म्हणाला. "ही घे. वाजवून दाखवायला आणलेली नाही. वस्तरा काढ आणि तुझ्या हाताने फोड. तुझं नुकसान हिने केलं, तूच हिला संपव. मग तरी बोल."

सलूनवाल्याने मान हलवली आणि तो पुन्हा केर काढायला लागला. जिथे आधीच काढला होता तिथेच.

फुगोबाचं डोकं फिरलं. त्याने सवत आरशाच्या फळीवर ठेवली आणि स्वतः खुर्चीत बसला. "बरं. फुगा नको, तर मिशी घे. फौजदारांची डावी गेली ना? माझीही डावी काढ. अर्धीच काढ. मी अख्ख्या गल्लीतून तसाच फिरतो. फिटंफाट."

"वेड लागलंय का तुला?" सलूनवाला म्हणाला. इतक्या दिवसांनी निघालेले ते पहिले शब्द. फुगोबाला ते इतके गोड लागले की तो खुर्चीत आणखी घट्ट बसला.

"काढ म्हणतो ना! नाहीतर इथून उठत नाही."

सलूनवाल्याने झाडू भिंतीला टेकवला. मग त्याने फुगोबाच्या गळ्याभोवती कपडा बांधला, साबणाचा फेस केला, मिशीच्या डाव्या बाजूला लावला आणि कपाटातून वस्तरा काढला. फुगोबा आरशात बघत होता. वस्तरा जवळ आला आणि थांबला. मग आणखी जवळ आला. आरशात तो वस्तरा थरथरत होता. थोडा नव्हे. हुडहुडी भरलेल्या माणसाचे दात वाजतात, तसा. फुगोबा काही म्हणायच्या आत ओठावर थंडगार काहीतरी वेडंवाकडं सरकलं, मिशीचा झुपका मांडीवर पडला आणि फेसात लाल थेंब उमटला.

सलूनवाला मागे सरला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर मटकन बसला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "आता बघितलंस ना? फुगा होता का आत्ता? कोणी दचकवलं मला?"

फुगोबाने ओठावर टॉवेल दाबला.

"फुगा नंतर फुटला, बाबा. आधी मिशी गेली. फौजदार घोरत होते, हात थरथरला, मिशी गेली. मी हातात वस्तरा घेऊन उभा, आता हे डोळे उघडतील तर काय सांगू म्हणून. आणि तेवढ्यात तुझा फुगा फुटला." त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले. "बरेच दिवस हात असा होतो. कात्रीला चालून जातं, वस्तऱ्याला नाही. गल्लीला कळलं तर माझ्यासमोर गळा कोण उघडा ठेवील? तू धावत आलास आणि म्हणालास, सगळं माझ्या डोक्यावर. मी ठेवू दिलं."

"आणि बोलणं का बंद केलंस?"

"तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर पडलं असतं."

फुगोबाला खरं तर त्याची दया यायला हवी होती. पण आधी आला तो संताप. पोरांचं चिडवणं आठवलं, फौजदारांचे धरलेले पाय आठवले, स्वतःला दिलेल्या शिव्या आठवल्या. "अरे नालायका!" तो ओरडला. "चोराच्या उलट्या बोंबा असतात हे ऐकलं होतं. तू बोंबसुद्धा मारली नाहीस, माझ्याकडूनच मारून घेतलीस! तुझ्या पायी मी घरी न्हाणीत कोंडून घेतलं, बायकोचा कान उसना घेतला, आणि तू..." समोर बाकावर मांड्यांखाली हात दाबून बसलेला माणूस त्याला एकदम फार म्हातारा दिसला, आणि फुगोबाला रडायला आलं. ते त्याने संतापाच्याच खात्यात टाकलं.

तेवढ्यात बाहेर पायरीवर बुटांचा आवाज झाला. असे बूट गल्लीत एकाच माणसाचे. "आहे का रे कोणी?" फौजदारसाहेबांची हाक आली. "नवी मिशी आली आहे, जरा कडा सारख्या कर!" त्यांच्या मागून चपलांचा दुकानदारही बोलत येत होता.

सलूनवाला उठला. त्याचा चेहरा त्या रविवारसारखाच पांढरा झाला होता. वस्तरा फळीवर पडलेला, फुगोबाची अर्धी मिशी मांडीवर, ओठावर रक्त. फौजदारकीत आयुष्य गेलेल्या माणसाला ह्याहून अधिक पुरावा लागत नाही.

फुगोबाने फळीकडे पाहिलं. सवत तिथे टम्म फुगून बसली होती. पुन्हा असा फुगा मिळेल, अशी नळी मिळेल, पण पुन्हा असा सूर लागेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं, कारण पहिल्यांदा कसा लागला तेही माहीत नव्हतं. त्याने वस्तरा उचलला आणि तिच्या पोटात घातला.

चपलांचा दुकानदार पायरीवरच आडवा झाला. फौजदारसाहेब दरवाजा ढकलून आत आले ते ओरडतच, "परत? परत फुगा?" आणि मग त्यांना खुर्चीतला फुगोबा दिसला. एक बाजू झुपकेदार, दुसरी सफाचट, डोक्यावर रबराच्या चिंध्या.

फौजदारसाहेबांनी आधी डोळे चोळले. मग त्यांच्या पोटातून कुठूनतरी हसू वर आलं, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते इतके हसले की खांबाला धरून उभे राहिले. "न्याय आहे!" ते म्हणाले. "जगात न्याय आहे! ह्याच्याच फुग्याने ह्याचीच मिशी!" दारात गर्दी झाली. जो तो आत डोकावून बघायचा आणि पोट धरून बाहेर जायचा.

सलूनवाला पुढे झाला. "साहेब," तो म्हणाला, "मला जरा एक सांगायचंय..."

"काय सांगणार तो?" फुगोबा मध्येच ओरडला. "शिव्याच देणार ना मला? पुरे झाल्या! माझंच चुकलं, दाखवायला म्हणून आणला, फुटला. साहेब, आज सलून बंद. सगळीकडे रबर उडालंय, तुमच्या नव्या मिशीला चिकटायचं."

फौजदारसाहेबांनी ताबडतोब मिशीवर हात ठेवला आणि ते पाय उचलत बाहेर पडले. गल्लीत ही गोष्ट अजून अशीच सांगतात, की फुगोबाने आधी दुसऱ्याची मिशी घालवली आणि मग स्वतःची. सलूनवाल्याने पुढे दाढीसाठी विजेचं मशीन आणलं, तर लोक म्हणाले, शेजारी असला माणूस असल्यावर दुसरं करणार काय बिचारा.

पण ते पुढचं. त्या दुपारी गर्दी पांगली तेव्हा फुगोबाने शटर अर्धं ओढलं आणि परत येऊन खुर्चीत बसला.

"चल," तो म्हणाला, "उरलेली काढ."

"मशीन असलेल्याकडे जा. नाहीतर घरी जाऊन स्वतः काढ. हात बघितलास ना माझा?"

"बघितला. मला घाई नाही."

त्याने सलूनवाल्याचं कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं आणि आपल्या काळ्या बोटांनी त्याचं मनगट खालून धरलं, ट्यूबवर ठिगळ बसेपर्यंत धरून ठेवतात तसं. वस्तरा ओठावर आला. थरथरला, थांबला, केसभर पुढे सरकला. फुगोबाने डोळे मिटले.

"शेवटी कशी वाजत होती रे ती?" सलूनवाल्याने हळूच विचारलं. मग उत्तराची वाट न बघता तोच बोलायला लागला. रबर कुठलं घेतलंस, जाड की पातळ, जाडच घेतलं असशील, तुला शंभरदा सांगितलं होतं. आणि वरचं भोक जरा मोठं असणार, तिथे मी असतो तर दोन वेळा ओरडलो असतो. आणि रेडिओ मी मोठा करायचो ना, तेव्हा तो मला ऐकूच यायचा नाही, मी तुझ्याच बाजूचा कानोसा घेत बसायचो, आज फुंकतो का, उद्या फुंकतो का. आणि चहा चांगला होता, वहिनीला सांग, साखर थोडी जास्त होती पण चांगला होता. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं तो एका दमात बोलत होता, थांबायला तयार नव्हता, आणि फुगोबाला एका शब्दाचंही उत्तर देता येत नव्हतं, कारण वस्तरा अजून ओठावरच होता.